भर पावसातला उष्माघात

कोल्हापूर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की लोक म्हैस धरून चालतात. माझ्या निरोपसमारंभात प्रत्येक वक्त्याने माझ्या हातून बऱ्या झालेल्या म्हशींचे गोडवे गायले. एकाने तर बाईंनी तालुक्याचं दूध राखलं, असंही ठोकून दिलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शिरोळ आणि हातकणंगल्यात मी ज्या जनावरापायी सगळ्यात जास्त फिरले, त्याचं नाव त्या हॉलमध्ये कुणी काढलं नाही. जेवणं व्हायची होती, म्हणून असेल.

ते जनावर म्हणजे डुक्कर.

म्हशीवाला दवाखान्यात दारातूनच ओरडत येतो. डुकरंवाला बाकावर गप्प बसून राहतो, गर्दी ओसरली की टेबलावर वाकून म्हणतो, "मॅडम, ते दुसऱ्या जनावराचं इचारायचं हुतं." आमच्या घरीही वेगळं नव्हतं. कसबा बावड्यात आमचा स्वतःचा म्हशींचा गोठा, शेणात हात घालायला घरात कुणाला कधी लाज वाटली नाही. पण मी फिरतीवरून आले की आई आधी विचारायची, "म्हशीकडनं आलीस का त्यांच्याकडनं?" त्यांच्याकडून आले असेन तर मागच्या दाराने न्हाणीत, आणि चहा अंघोळीनंतर. मी हुज्जत घालत नसे. मी पशुवैद्य झाले हेच तिने मोठ्या मनाने पचवलं होतं, आणखी किती पचवायला लावायचं!

या जनावराबद्दल बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट समजली तरी पुरे, असं मला वाटतं. डुक्कर जे खातं ते सगळं अंगाला लागत नाही. काही बाहेर पडतं, काही श्वास आणि हालचालीत खर्च होतं, उरलेल्यातून मांस आणि चरबी बनते. पण हे सगळं होत असताना उष्णता तयार होत राहते. खाल्लेलं पचवण्यातच मोठी ऊब निर्माण होते. भरपेट जेवणानंतर आपल्याला कपाळावर घाम येतो तो त्यातलाच. वाढीच्या वयातलं डुक्कर भराभर खातं, भराभर वाढतं, आणि म्हणून तापतंही जास्त. गुऱ्हाळावर चुलाण चांगलं पेटलं की रस लवकर आटतो, पण जाळ घालणाऱ्याची पाठ पोळते, तसाच हा प्रकार आहे.

ही उष्णता अंगाबाहेर टाकावीच लागते. आपल्याला घाम आहे. डुकराला तो जवळजवळ नाहीच. ते धापा टाकतं, गार जमिनीवर हातपाय पसरून पडतं, आणि मिळाला तर चिखलात लोळतं. लोक म्हणतात ते घाणेरडं आहे म्हणून लोळतं. त्याला स्वच्छ पाण्याचं डबकं द्या, ते त्यात लोळेल. हवा दमट आणि वारा पडलेला असला की धापाही फुकट जातात, कारण ओल सुकतच नाही. मग आतली आग आतच राहते आणि जनावर स्वतःच्याच उष्णतेने मरतं.

हे समजावून सांगणं आपल्या भागात फार अवघड. कारण कोल्हापूरकराच्या लेखी कोणत्याही अशक्तपणावर एकच इलाज, खुराक! हातकणंगल्याकडे एक निवृत्त वस्ताद होते. मळ्यात मागच्या अंगाला त्यांनी चार डुकरं पाळली होती आणि विचारणाऱ्याला ती दोस्ताची असल्याचं सांगत. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी त्यांनी मला बोलावलं. डुकरं जिभा बाहेर काढून धापा टाकत होती आणि वस्ताद त्यांच्यापुढे शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेले हरभरे ओतत होते.

"डॉक्टरीणबाई, गडी धापा टाकाय लागल्यात. दम कमी पडाय लागलाय, म्हणून खुराक वाढीवलाय."

"वस्ताद, या उन्हात भरपेट मटण जेवून तुम्ही घोंगडं पांघरून बसाल का?"

"मी कशाला बसू? मी काय खुळा हाय व्हय?"

"मग यांना का बसवलंय?"

वस्तादांनी घमेलं खाली ठेवलं. त्यांच्यापुढे एवढ्या जवळून आजवर कुणी तोंड उघडलं नसावं. मी सांगितलं, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पेंड कमी, कारण गरजेपेक्षा जास्त प्रथिनं दिली की ती पचताना आणखी उष्णता होते. त्याऐवजी थोडं तेल घाला. वर सावली, खाली ओली जमीन. महिन्याभराने ते दवाखान्यात आले आणि भरल्या बाकासमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई, दोस्ताची जनावरं झ्याक हायत बघा!"

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसले, त्या दिवसाकडे येते.

शिरोळ तालुक्यातली प्रज्ञा कांबळे कधीच कुजबुजली नाही. शेतीची पदविका घेऊन तिने कृष्णाकाठच्या आपल्या तुकड्यात शेड उभं केलं आणि रस्त्यावर पाटी लावली, 'वराहपालन केंद्र', खाली स्वतःचं नाव. पाटी लावली त्या दिवशी तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी, घरात अन्न घेतलं नाही. हे मला त्यांनीच सांगितलं. "मॅडम, धम्म घेतला तवा माझ्या बापानं गावची मेल्याली जनावरं वढायचं सोडलं. त्या पायी मार खाल्ला. गाव म्हणायचं, तुम्ही न्हाय तर कोण वढणार? त्यो म्हणायचा, ज्याचं हाय त्यानं वढावं. आनि आता माझी शिकल्याली पोरगी डुकरात हिंडणार. गाव काय म्हनंल?"

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. प्रज्ञाचंही कळत होतं. तिला वाटायचं, हा धंदा आहे, आपण तो शिकून करतो, यात लपवण्यासारखं काही नाही. बापलेकीत यावर भांडण झालं नाही, पण ते मिटलंही नाही. व्यवसाय बुडाला तर नुसतं नुकसान होणार नव्हतं, वडिलांची भीती खरी ठरणार होती. प्रज्ञा त्यासाठीच जिवापाड राबत होती.

गंमत म्हणजे वर्षभरात त्या जनावरांवर दिनकररावांचाच जास्त जीव जडला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, वेळेचा पक्का. खाद्य घालायची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली. ते बादली वाजवत आले की शेडभर कालवा व्हायचा. कुणाला कमी मिळालं, कोण दुसऱ्याचं ढकलून खातं, हे त्यांना तोंडपाठ असे.

आणि मग पूर आला. आमच्याकडे पूर नवा नाही, पण त्या वर्षी पाणी भलतंच वेगात चढलं. माझी नेमणूक हातकणंगल्याच्या बाजूला माळावरच्या जनावरांच्या छावणीत होती. म्हशी, बैल, शेरडं, सगळ्यांची सोय झाली. डुकरांचं नाव काढल्यावर मात्र छावणीतली माणसं उठून उभी राहिली. डुकरं आली तर आम्ही म्हशी घेऊन जातो, म्हणाली. मी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. प्रज्ञाने ओळखीतल्या एकाचं रिकामं शेड हातकणंगल्याच्या पलीकडे मिळवलं. नेणार कशातून, हा प्रश्न होता.

गावातले ट्रॅक्टर पूरग्रस्तांचं सामान वाहत होते, आणि डुकरांसाठी ट्रॉली द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी शेजारच्या शेतातले बाबूराव तयार झाले. बाबूराव जुन्या मराठा घरातले, दिनकररावांच्या बरोबरीचे, शाळेत एका वर्गात होते. गावाने नाही म्हटलेलं असताना त्यांनी हो म्हटलं, हे मी विसरू शकत नाही. त्यांची एकच अट होती. वाटेत त्यांच्या लेकीच्या सासरचं गाव लागत होतं. "दिनकर, ट्रॉली झाकून न्यायची. आत काय हाय कुणाला दिसाय नको." आणि दिनकररावांना ही अट मनापासून पटली.

निघताना प्रज्ञाने मला फोन केला. पाणी बांधाला लागलं होतं, दुसरी खेप मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून तिने सगळी वाढीची डुकरं एकाच खेपेत न्यायचं ठरवलं. मला नंतर कळलं, ती भरण्याआधी प्रज्ञा घरातलं सामान माळ्यावर चढवत होती तेवढ्यात दिनकररावांनी शेडमध्ये जाऊन उरलेलं सगळं खाद्य त्यांच्यापुढे ओतलं. आपल्याकडे घरातून बाहेर पडणाऱ्याला उपाशी पाठवत नाहीत. लेक सासरी निघाली, बैल बाजारात निघाला, आधी पोटभर घालायचं. त्या हिशेबाने त्यांनी घातलं. मग ती चढवून ट्रॉलीचा मागचा फाळका लावला, वरून ताडपत्री ओढली आणि दोरांनी चारी बाजूंनी आवळून बांधली.

हातकणंगल्याकडे येणारा रस्ता त्या दिवशी पूरग्रस्तांच्या वाहनांनी गच्च झाला होता. ट्रॉली चालत होती तोवर कुठून तरी थोडा वारा आत जात असेल. मग ती थांबली आणि थांबूनच राहिली. प्रज्ञा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली होती. तिचा दुसरा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात काही तरी चुकल्याची जाणीव होती. "मॅडम, आतला दंगा बंद झालाय."

मी जीप काढली. वाहनांच्या रांगेच्या तोंडाशी ती सोडून चालत गेले. पाऊस धो धो कोसळत होता, अंगात हुडहुडी भरली होती. ट्रॉली दिसली, तशी आधी वाफ दिसली. ताडपत्रीच्या कडेने, फाळक्याच्या फटींतून, पावसात वाफ येत होती. मी ताडपत्रीला हात लावला. पातेल्यावरच्या झाकणासारखी ती आतून गरम होती.

"सोडा हे दोर!" मी ओरडले.

बाबूरावांनी पुढे-मागे पाहिलं. आजूबाजूच्या ट्रॉल्यांमधून माणसं बघत होती. "मॅडम, थोडं फुडं जाऊन सोडूया की. हितं गाव हाय."

"पुढे जाईपर्यंत एक राहणार नाही."

दिनकरराव म्हणाले, "पावसात काकडतील वो ती." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्यांच्याशी बोलत बसले नाही. प्रज्ञाने ऊस तोडायचा कोयता घेतला आणि दोर कापले.

आतून जी हवा आली ती मला आजही आठवते. भरल्या पोटाची, एकमेकांना खेटून उभी असलेली, पाठीवर प्लास्टिकचं छप्पर असलेली ती डुकरं स्वतःच्याच उबेत शिजत होती. बाहेर थंडगार पाऊस आणि एका ताडपत्रीखाली उष्माघात. काही उभी होती, तोंड उघडं, ओठांना फेस. काही खाली बसली होती आणि त्यांच्यावर दुसरी पडली होती. एकाला थर्मामीटर लावला, तो पाहून तसाच खिशात घातला. नुसता वरून पाऊस पुरणार नव्हता. त्यांना खाली उतरवून, पसरून, वाऱ्याला टाकायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला पाणी भरलेले खड्डे आणि त्यापलीकडे कुंपणं.

"जागा पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता."

जागा कुणाची हे बाबूरावांना माहीत होतं. डाव्या हाताचा माळ त्यांच्या व्याह्यांचा होता. ते ताडपत्रीकडे पाहत उभे राहिले. रस्त्यावरच्या लोकांपुढे त्यांची जी शोभा व्हायची ती झाली होती, पण लेकीचं सासर ही वेगळी गोष्ट. मग त्यांनी फोन लावला आणि पावसाच्या आवाजावर मोठ्याने बोलले, "पावणं, मी बाबूराव. माझ्या ट्रॉलीत डुकरं हायत. व्हय, डुकरंच. मराय लागल्यात. तुमचा माळ पायजे." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबूरावांनी फोन बंद केला आणि म्हणाले, "फाटक उघडाय लागल्यात."

माळावर नेऊन आम्ही ती उतरवली. ज्यांना चालता येत होतं ती फळीवरून घसरत खाली आली आणि चिखलात धपकन पडली. पडू दिलं. डोक्यावर, कानांमागे, पायांवर पाणी घालत राहिलो. पाण्याला तोटा नव्हता. व्याह्यांच्या घरची दोन माणसं बादल्या घेऊन आली आणि कामाला लागली. एकेकाचा श्वास सावकाश होत गेला. एकाने डोकं उचलून चिखलात नाक खुपसलं तेव्हा प्रज्ञा पहिल्यांदा रडली.

दिनकरराव माझ्यापाशी आले. "मॅडम, कशानं झालं हे? पाऊस तर चाललाय."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. प्रवासाआधी खायला घालायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. मी त्यांना खोटं सांगितलं नाही. पोट भरलेलं होतं, त्याची उष्णता. दाटी होती, त्याची. वरून ताडपत्री होती, ती बाहेर जाऊ दिली नाही. तिन्ही एकत्र आली, एकट्या कशानेही एवढं झालं नसतं.

"म्हंजे मी घातलं त्ये..."

"तुम्ही मायेनं घातलंत."

"मायेनं मारलं म्हणा की," ते म्हणाले, आणि बांधावर जाऊन बसले. मी परत बादली उचलली.

ट्रॉलीत मेलेली राहिली होती. जवळजवळ निम्मी. ती काढल्याशिवाय जगलेली पुन्हा ट्रॉलीत चढवता येणार नव्हती. एव्हाना फाटकापाशी बरीच माणसं जमली होती. कुणी पुढे येत नव्हतं. सगळे बांधावरच्या दिनकररावांकडे बघत होते. मेलेलं जनावर कोण ओढणार, हे त्या बघण्यात होतं. मला राग आला, बघणाऱ्यांचा आणि तीच माझीही जात म्हणून स्वतःच्या जातीचाही आला. दिनकररावांनाही ते बघणं कळलं. ते तिथूनच ओरडले, "प्रज्ञा! हात लावायचा न्हाय! तुझ्या आज्यानं सोडलंय त्ये!"

प्रज्ञा ट्रॉलीजवळ उभी होती, चिखलाने भरलेली. ती मागे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण फाटकापर्यंत गेला.

"बाबा, आज्यानं गावची सोडली. ही गावची न्हाईत. ही माझी हायत. ज्याचं हाय त्यानं वढावं, असंच म्हणायचा न्हवं त्यो?"

आणि ती फाळक्यावर पाय देऊन आत चढली. पहिल्या डुकराचे मागचे पाय तिने धरले. तिला ते हलेना. मी साडीचा पदर खोचला, पण माझ्याआधी बाबूराव चढले होते. त्यांनी पुढचे पाय धरले. ते तिच्याकडे बघत नव्हते, फाटकाकडेही नाही. दोघांनी मिळून ते कडेला आणलं, तरी तेवढ्या वजनाचं जनावर खाली घ्यायला तिसरा हात हवा होता.

बांधावरून दिनकरराव उठले. सावकाश चालत आले. फाटकावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. ट्रॉलीखाली उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर केले, त्या मेलेल्या जनावराचं डोकं तळहातांवर घेतलं आणि बाबूरावांना म्हणाले, "सावकाश सोडा, आण्णा. डोस्कं आपटाय नको त्याचं."